धवलारणीची नोंद

सोमवार, १५ फेब्रुवारी १९९९. सकाळी दहाच्या सुमारास निडी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर एका माणसाने घडी घातलेला कागद उलगडला आणि विचारलं, "ही बाई कुठं राहते?"

कागद छापील होता. वर 'पेण-रोहा कोश' असं लिहिलेलं, खाली एका बाईची माहिती. टपरीवाल्याने वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

"काय करते ती?"

"धवलारीण हाय. लग्नात गाते."

"मंग धोंडूबाय. रुळापलीकडं शेवटचं घर. पण आज गावायची नाय. कोलाडकडं हळदीला गेलीय."

"कुणाकडं?"

"ते काय मला ठाव नाय. तुमी कोण तिचं?"

"नवरा," तो माणूस म्हणाला. चहाचे पैसे ठेवून तो रस्त्याकडे चालू लागला.

रोह्याच्या कॉलेजला निघालेली मृणाली पाटील टपरीच्या मागच्या बाकावर गाडीची वाट बघत बसली होती. ती निडीतच वाढली होती. धोंडुबाईला ती कळायला लागल्यापासून आत्या म्हणत आली होती, आणि आत्याचा नवरा वारला आहे हे साऱ्या निडीला माहीत होतं. तिने गाडी सोडली, वाण्याच्या दुकानातून पेणला फोन लावला.

"ऋजुताताई, धोंडूआत्याचा नवरा आलाय."

"कोण?"

"नवरा. आपला कागद हाय त्याच्या हातात. बोर्डावरचा. चारी कोपरे फाटलेत."

पेणच्या रामवाडीत ऋजुता कर्णिकचा कॉम्प्युटर क्लास होता. समोर बसलेल्या मुलांना तिने हाताने थांबायची खूण केली आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "अगं, पण त्या तर विधवा आहेत ना?"

"तेच तर म्हणते," मृणाली म्हणाली.

तो कागद काय होता हे समजण्यासाठी वर्षभर मागे जावं लागेल.

महादेव प्रधान पेणला शाळेत शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचा कोश करायला घेतला. गावं, देवळं, बंधारे, मिठागरं, माणसं. ऋजुताच्या मावसभावाने, निमिषने, तो मुंबईहून इंटरनेटवर चढवला. अमेरिकेतल्या आणि आखातातल्या कोकणी माणसांची पत्रं येऊ लागली तसा सरांना हुरूप आला. नोंदी लिहिणारे सात जण होते, सातही पुरुष. ऋजुता टाइप करायची.

टाइप करता करता तिने एकदा व्यक्तींच्या नोंदी मोजल्या आणि बैठकीत सांगितलं, "सर, दोनशे अकरा माणसांत बायका सहा आहेत. त्यातल्या दोन देव्या."

हशा झाला. एक वकील होते, ते म्हणाले, "मग काय, प्रत्येकाच्या बायकोची नोंद घ्यायची का?"

"नको, तुमच्या बायकोची घ्या. तुमची त्यांच्या नोंदीत येईल," ऋजुता म्हणाली.

चहा घेऊन आलेल्या अनसूयाबाई, सरांच्या पत्नी, दारातच थांबल्या. "नोंद कुठल्या नावाने घेणार गं? माझं माहेरचं नाव यांना तरी आठवतंय का, विचार."

सरांना आठवलं नाही. वकील पुन्हा हसले, सर हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी बायकांच्या नोंदींचं काम ऋजुताकडे सोपवलं.

ऋजुताने दुपारच्या बॅचमधल्या मुलींना नोंदी लिहायला शिकवलं. मृणाली त्यातलीच, आठवड्यातून दोनदा निडीहून यायची. एक नियम ऋजुताने स्वतः घातला: बाईच्या नोंदीत माहेरचं नाव-गाव आणि सासरचं नाव-गाव, दोन्ही हवं. त्याशिवाय नोंद पुरी नाही. लग्नाने बाईचे दोन तुकडे होतात आणि मग ती कुठेच सापडत नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्यात चूक काढावी असं काही नव्हतं.

दुसरा नियम सरांचा, जुना होता. खेड्यांत इंटरनेट नव्हतं. म्हणून प्रत्येक नोंदीचा छापील कागद त्या माणसाच्या गावी, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या बोर्डावर लावायचा. कुणाला दुरुस्ती सुचवायची असेल तर त्याने रामवाडीत आणून द्यावी. पुरुषाचं गाव एक, कागद एक. बायकांचे कागद ऋजुता दोन्ही गावांत लावायची.

मृणालीने लिहायला घेतलेली पहिली नोंद धोंडुबाईची होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागतेच. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले, म्हणजे लग्नगीतं, गाते; ती विधवा असली तरी चालते. दोन्हीकडच्या आजे-पणजांची, काका-मामांची, गावदेवीची नावं त्यात ओवते. कोशात आठ भजनीबुवा होते. धवलारीण एकही नव्हती.

ऋजुता टेपरेकॉर्डर घेऊन निडीला गेली तेव्हा मृणालीच्या पडवीत आळीतल्या बायका जमल्या होत्या. धोंडुबाई पन्नाशीच्या आसपासची, काटक, डाव्या खांद्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेली. गायला सांगितलं की लगेच गायची. विचारलेलं सांगायला मात्र वेळ लावायची.

"मावशी, माहेर कुठलं तुमचं?"

"लांब."

"लांब म्हणजे?"

"आता कोन हाय तिथं. सोड ना, बाय."

"बरं, नवऱ्याचं नाव?"

धोंडुबाईने मान खाली घातली. मृणालीच्या आईने टाळी वाजवली. "अगो, ती कशी नाव घेल? उखाण्यात घे गो, धोंडूबाय! लाजते बघा कशी, नवरी जशी!"

बायका खदखदून हसल्या. ऋजुताही हसली. तिच्या आजीने मरेपर्यंत आजोबांचं नाव घेतलं नव्हतं. त्यांच्या नावाशी जुळणाऱ्या महिन्याचं नावही ती टाळायची. "मावशी, दुसऱ्यांची शंभर नावं गाता, आणि स्वतःच्या नवऱ्याचं एक घेत नाही?"

"दुसऱ्यांची घेताना भ्या नाय वाटत," धोंडुबाई म्हणाली आणि तोंडावर पदर धरून सगळ्यांच्या शेवटी हसली.

ते वाक्य टेपवर आहे. ऋजुताने ते नोंदीत घेतलं नाही. पेणला येऊन क्लासच्या मुलींसमोर गाणार का, असं तिने विचारलं होतं, त्याचं उत्तरही टेपवर आहे: "येसटी लागते मला. नागोठण्याच्या पुढं मी जात नाय."

नोंद अशी दोन रकाने कोरे ठेवून पडून राहिली. डिसेंबरात ऋजुताने ती टेप रामवाडीतल्या बायजाबाईला ऐकवली. बायजाबाई पंचाहत्तरीची, एके काळी स्वतः गाणारी. काही शब्द लागत नव्हते ते तिला विचारायचे होते. पहिलं कडवं संपायच्या आत म्हातारीने टेपवर हात ठेवला.

"ही जनी. आमच्या कान्हूची जनी. हा सूर तिच्या आईचा, माझ्या बहिणीचा." मग तिने विचारलं, "जित्ती हाय?"

"हो तर. निडीला असतात. छान आहेत."

बायजाबाई रडली. ऋजुताने तिला पाणी दिलं आणि विचारलं, लग्न कुठे झालं होतं. माहेरच्याच गावात, खारजुईला, पेणच्या खाडीतलं गाव. गोविंदा पाटलाला. म्हातारी पुढे काही बोलली नाही, आणि 'जिवंत आहे का' असं तिने का विचारलं, हे ऋजुताने विचारलं नाही. वर्षानुवर्षं भेट नाही, म्हातारी माणसं तसं विचारतात, असं तिला वाटलं. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई म्हणजे जुन्या वळणाची बाई, हे तिने पडवीतच ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी दोन्ही रकाने भरले गेले. 'धोंडुबाई, धवलारीण. माहेरचे नाव जनी कान्हू म्हात्रे, रा. खारजुई. सासरचे नाव जनी गोविंदा पाटील, गाव तेच. सध्या निडी, ता. रोहा. हयात.' नोंद इंटरनेटवर गेली. जानेवारीत ऋजुता स्वतः खारजुईला जाऊन शाळेच्या बोर्डावर कागद लावून आली. ती टाचण्या टोचत असताना दोन-तीन माणसं मागे येऊन उभी राहिली, वाचलं, आणि एकमेकांशी न बोलता निघून गेली.

सोमवारी मृणालीचा फोन ठेवल्यावर ऋजुता दोन गल्ल्या ओलांडून बायजाबाईच्या घरी गेली. म्हातारी उन्हात तांदूळ निवडत होती.

"बायजामावशी, जनीचा नवरा निडीला आलाय."

सूप म्हातारीच्या हातातून सुटलं. "त्याला कुनी सांगतला?"

ऋजुताने सूप उचललं.

"कुनी सांगतला गो त्याला?"

मग बायजाबाईने सांगितलं, ते असं. गोविंदाने जनीला रॉकेल टाकून पेटवलं होतं, खांद्यापासून पाठ जळली होती. ती पळून भावाकडे आली. तिसऱ्या दिवशी गोविंदा कोयता घेऊन आला. भाऊ काळुराम दारात आडवा झाला, त्याला त्याने तिथेच तोडला. जनी मागच्या दाराने चिखलातून खाडीपार गेली आणि परत कुणाला दिसली नाही. गोविंदाला जन्मठेप झाली. पोलीस नेत असताना साऱ्या गावासमोर तो म्हणाला होता की काम अर्धंच झालं आहे.

"मागच्या दिवाळीला सुटला तो," म्हातारी म्हणाली. "मला वाटला तुला ठाव असंल. तू शिकलेली पोर. तू इचारत होतीस, मी सांगत गेली."

ऋजुता क्लासवर परत आली. आधी तिने मोडेम लावला. लाइन तीनदा तुटली, चौथ्यांदा लागली. तिने नोंद पुसली. पडदा कोरा झाला तरी ती त्याच्याकडे बघत राहिली, कारण खारजुईचा कागद असा पुसता येणार नव्हता. मग तिने प्रधान सरांना फोन केला. सरांनी एकच प्रश्न विचारला, "कागद तू लावलास?" ती हो म्हणाली. ते म्हणाले, "मी पोलिसांकडे जातो. तू कोलाडला पोच." त्यांनी तसं केलं. पोलिसांनी तक्रार लगेच लिहून घेतली आणि रोह्याला कळवलं.

महाडकडे जाणाऱ्या एसटीत ऋजुताला उभं राहायला जागा मिळाली. नागोठण्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं की गोविंदा पाटील कसा दिसतो हे तिला माहीत नाही. गाडीत चढलेल्या माणसांपैकी पन्नाशीच्या पुढचे चार-पाच जण होते. एकाच्या हातात पिशवी होती, लांबट काहीतरी गुंडाळलेली. तो खांबला उतरला. पिशवीतून छत्रीची मूठ बाहेर आलेली होती.

कोलाड नाक्यावर मृणाली उभी होती. ती निडीहून मिनीडोर रिक्षाने आली होती आणि नाक्यावरच्या हॉटेलांतून विचारत फिरली होती. आज आसपासच्या गावांत दोन हळदी होत्या.

"पयल्या गावात आत्या नाय. पण ताई, तिथं पण एक मानूस विचारून गेला. माझ्या आधी."

"कसा होता? तू पाहिलंस ना त्याला सकाळी."

"पाठमोरा. टोपी होती. मी कागदच बघत बसले."

दुसरं गाव नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. लाउडस्पीकर बंद करून ठेवला होता. मांडवात नवरी पाटावर, तिच्यासमोर मानाचं नवं हिरवं लुगडं नेसलेली धोंडुबाई आणि मागे साथ देणाऱ्या चार बायका. धवला चालू होता. ऋजुता पुढे सरकली तशी नवरीच्या आत्याने तिचा दंड धरला.

"कुठं चालली, बाय? धवला मोडू नको."

"मला त्यांच्याशी बोलायचंय. फार गरजेचं आहे."

"पोरीच्या संसारापरीस गरजेचा? तोडलेला धवला पोरीला बाधतो. बस हितं. सरलं की बोल."

धोंडुबाईने ऋजुताला पाहिलं. तिचा आवाज बदलला नाही. ती नवरीच्या पणजोबांपर्यंत आली होती, त्यानंतर आजोबा, मग चुलते, मग मामाकडचं सगळं गोत. आवाज मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत जात होता. बायजाबाईने ज्या सुरावरून तिला ओळखलं होतं, तो ओळखणारं दुसरंही माणूस होतं.

धोंडुबाईची पाठ पुरुषांकडे होती. मांडवाच्या त्या बाजूला तीसेक पुरुष बसले होते. काही खुर्च्यांवर, काही खांबांना टेकून. टोप्या घातलेले कितीतरी. ऋजुता एकेका चेहऱ्याकडे बघत राहिली. एकाने नजर वळवली, तर तोच असावा असं तिला वाटलं. दुसऱ्याने नजर वळवली नाही, तेव्हा तो असावा असं वाटलं. मृणाली साथ देणाऱ्या बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली, म्हणजे धोंडुबाई आणि पुरुष यांच्या मधे.

धवला संपला. धोंडुबाई उठून घराच्या मागे पडवीत आली, पाणी प्यायली.

"कोन मेला?" तिने विचारलं. "तुमचा तोंड सांगतंय."

"मावशी, गोविंदा पाटील निडीला आला होता."

लग्नाच्या घरात कुणीतरी पातेलं सरकवलं. धोंडुबाईने तांब्या जागेवर ठेवला.

"माझा नाव तुला कुनी दिला?"

"बायजामावशींनी. मी विचारलं म्हणून. मला वाटलं तुम्ही रीत म्हणून नाव घेत नाही."

"मी नाव घेत नव्हती, तवा तू हसलीस."

"हो."

"मी पन हसली." तिने पदराने तोंड पुसलं. "सगल्या हसतात तवा हसावा लागतो, बाय. नायतर इचारतात. कुठं लिवलास?"

"कॉम्प्युटरवर. ते पुसलं मी. पण खारजुईच्या शाळेत कागद लावला होता. तो त्याच्याकडे आहे."

"निडी पन लिवलास त्याच्यात?"

"हो."

धोंडुबाईने पदर खांद्यावर ओढला. ओरडली नाही. मृणालीच रडायला लागली. "आत्या, आमच्या घरी चल. माझा बा हाय, भाऊ हायत."

"माझा पन भाऊ होता गो."

पोलीस येत आहेत, ते येईपर्यंत इथून हलू नका, असं ऋजुता म्हणाली. पण तेवढ्यात बायका गावदेवीची ओटी भरायला निघाल्या. पुढे वाजंत्री. धवलारीण पुढे नसेल तर ओटी कशी भरणार? नवरीची आत्या हाक मारत पडवीपर्यंत आली. धोंडुबाईने डोक्यावरून पदर घेतला.

"घरात एकटी बसून ऱ्हावू? की बायांच्यात?" ती म्हणाली. "बायांच्यात बरी."

देऊळ रस्त्याच्या पलीकडे होतं. वीस-बावीस बायका, सगळ्यांचे पदर डोक्यावरून. मृणालीने धोंडुबाईचा कोपर धरला होता. ऋजुता मागे राहून रस्त्याकडे लक्ष ठेवत होती. देवळासमोर सगळ्या बायका एकदम वाकल्या. मृणालीही वाकली.

ती उठली तेव्हा तिच्या हातात कोपर नव्हता.

"तिनंच सोडवला," मृणालीने नंतर पोलिसांना सांगितलं. "मला तसं वाटतं. ओढल्यासारखं नाय वाटलं." पुन्हा विचारल्यावर ती म्हणाली की खात्रीने सांगता येणार नाही, वाजंत्री जोरात चालू होती.

रोह्याहून जीप आली तोवर बायकांनी देवळामागची वाडी, विहीर, नाल्याचा काठ सगळं पालथं घातलं होतं. टोपीवाला एक म्हातारा माणूस देवळाच्या पारावर बसला होता, असं दोघींनी सांगितलं. तिसरी म्हणाली, तो नवरदेवाकडचा पाहुणा. पाहुण्यांमध्ये तसा कुणी नव्हता.

मंगळवारी सकाळी ऋजुताने क्लास उघडला. रात्रभर ती फोनपाशी होती. पहिल्या बॅचची मुलं आत गेली. बाहेरच्या बाकावर पालक बसतात, तिथे एक माणूस बसलेला तिला दिसला. साठीच्या आसपासचा, धुतलेला पांढरा शर्ट, मांडीवर टोपी. कुणाचा तरी आजोबा असेल असं समजून तिने विचारलं, "कोणाला भेटायचंय, बाबा?"

"कोश हितंच लिवतात ना?" त्याने खिशातून कागद काढला. तो टेबलावर ठेवून तळहाताने नीट सपाट केला. कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती आणि ती फाटलेली होती. "दुरुस्ती हाय."

ऋजुता टेबलाच्या पलीकडे उभी होती. आत मुलं कीबोर्ड बडवत होती. फोन तिच्या हाताशी होता.

"नाव बराबर हाय," माणूस म्हणाला. "गाव बराबर हाय. माझं नाव बी बराबर. झ्याक लिवलंय तुमी. फकस्त हितं..." त्याने बोट ठेवलं. "हितं हयात लिवलंय. ते खोडा."

तो जाऊ नये, कुणीतरी येईपर्यंत बोलत राहावा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने पेन उचललं. "तारीख काय घालू?"

गोविंदा पाटलाने कागदाची घडी घातली, पुन्हा खिशात ठेवली आणि टोपी डोक्यावर चढवली.

"ती मागनं सांगतो," तो म्हणाला.

तो पायऱ्या उतरून स्टँडच्या दिशेने गेला. ऋजुताने फोन केला. पोलीस आले तेव्हा स्टँडवरून तीन गाड्या सुटलेल्या होत्या, एक पनवेलची, एक अलिबागची आणि एक रोह्याची. तिन्हीच्या कंडक्टरना विचारलं गेलं. टोपी घातलेले म्हातारे तिन्ही गाड्यांत होते.

खारजुईला त्याचं घर बंद आहे. तिथे दोन पोलीस बसवले आहेत. बायजाबाईला तिच्या लेकीने अलिबागला नेलं. प्रधान सरांनी दोन्ही तालुक्यांतल्या बोर्डांवरून बायकांचे कागद काढून आणायला माणसं पाठवली. बहुतेक आले. दोन गावांतल्या बायकांनी ते देण्यास नकार दिला.

निडीला मृणालीचा बाप आणि भाऊ पाळीपाळीने धोंडुबाईच्या घराकडे लक्ष ठेवतात. दाराला सोमवारपासून तिचं कुलूप होतं. बुधवारी दुपारी दोघेही भात भरडायला गिरणीवर गेले होते. गुरुवारी सकाळी मृणालीने पेणला फोन केला. कुलूप न मोडता काढलेलं होतं, कडी बाहेरून लावलेली होती. आत कुणी नव्हतं. कोलाडच्या हळदीला धवलारणीला दिलेलं नवं हिरवं लुगडं मागच्या दोरीवर धुऊन वाळत घातलेलं होतं, आणि ते अजून ओलं होतं.